शुक्रवारचे अपील

शेजारणीचे बदक चोरल्याबद्दल ओल्द्रिख कुबाला यांना मोरावियातील एका न्यायालयाने शुक्रवारी दुपारी दोषी ठरवले. शिक्षा किरकोळ, तीही स्थगित. पण शिक्षा झालेल्या माणसाला गावच्या आलुबुखार-दारूच्या स्पर्धेत परीक्षक होता येत नाही. ज्या खुर्चीसाठी कुबालांनी जन्मभर जीभ जपली, ती नेमकी यंदा मिळायची होती.

"अपील करणार, की हक्क सोडता?" न्यायाधीशबाईंनी विचारले.

"करणार. मी चोरी केलेलीच नाही."

दालनात सुस्कारे सुटले. शुक्रवारी दुपारनंतर शहरात थांबतो कोण? जो तो आपापल्या रानातल्या घराकडे पळतो. सरकारी वकिलांनी हक्क केव्हाच सोडला होता. त्यांच्या मांडीवर मासे धरायचा गळ होता.

"दोघांनीही हक्क सोडला, तर निकाल थोडक्यात लिहिता येतो," बाई समजुतीने म्हणाल्या. "नाहीतर तुम्ही दोषी का आहात, हे मला शोधून लिहावं लागेल."

"म्हणजे ते अजून सापडलेलं नाही?"

"अहो कुबाला, माझ्या टोमॅटोंना पाणी कोण घालणार?"

तेवढ्यात फिर्यादी शेजारीण हेर्मिनाबाई फोन कानाला लावूनच उठल्या. "बाईसाहेब, बहिणीचा फोन आहे. बदक सापडलं. माझ्याच गोठ्यामागे अंड्यांवर बसलंय."

"हा नवा पुरावा झाला. तो अपिलात मांडायचा असतो."

"म्हणून तर अपील करतोय," कुबाला म्हणाले.

"वेडे आहात का?" त्यांचाच वकील ह्लावाच कुजबुजला. त्याने अळंबी वेचायचे बूट आधीच चढवले होते. "अपिलात सुटलात, तर बाईंचा निकाल चुकला असं होईल. त्यांना किती वाईट वाटेल!"

"द्या की हो सोडून," हेर्मिनाबाईही म्हणाल्या. "माझा काही राग नाही तुमच्यावर. रस्ता तुंबेल आता."

खाली कुबालांची बायको गाडीचा भोंगा वाजवू लागली. मागच्या सीटवर मसाला लावलेले मटण उन्हात तापत होते. कुबालांनी खिडकीतून गाडीकडे पाहिले आणि ते म्हणाले, "सोडला."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. परीक्षकाची खुर्ची ह्लावाचला मिळाली.

पुढे खोटी फिर्याद दिल्याबद्दल हेर्मिनाबाई दोषी ठरल्या, तोही शुक्रवारच. "मी मुद्दाम नाही केलं, अपील करणार," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या. त्या खरे बोलत आहेत, हे साक्षीदार कुबालांना ठाऊक होते. त्यांनी घड्याळ पाहिले.

"हेर्मिनाबाई," ते मायेने म्हणाले, "द्या की हो सोडून."

कुबालांना नावे ठेवायला हरकत नाही. फक्त वाचकहो, ती सोमवारी ठेवावीत. शुक्रवारी तुमच्याही गाडीत पिशव्या भरलेल्या असतात.