मूळ मालकासह

कोणतीही वस्तू भंगार ठरण्यात आणि अनमोल ठरण्यात साधारण वीस वर्षांचे अंतर असते. या वीस वर्षांत ती फेकून न देणे याला दूरदृष्टी म्हणतात. (पूर्वी याला आळस म्हणत, पण तेव्हा भाव कमी होते.)

जर्मनीतल्या आउरिखच्या फोल्कर्ट यानसेन यांच्या अंगी ही दूरदृष्टी १९९८ साली आली. आत झोपायची-रांधायची सोय असलेली त्यांची नारिंगी कॅम्पर गाडी तेव्हा चोवीस वर्षांची होती, खालून गंजली होती, आणि नवी घ्यायचे ठरले होते. ते तिला भंगारवाल्याकडे घेऊन गेले. भंगारवाला म्हणाला, ठेवून घेतो, दोनशे मार्क द्या. आपलीच गाडी द्यायची आणि वर पैसेही द्यायचे, हे यानसेनांच्या डोक्यात शिरेना. ते तणतणत गाडी घेऊन परत आले आणि त्याच जुलैत ती नेहमीप्रमाणे नॉर्डडाइखला समुद्रावर गेली. आज संघाच्या स्मरणिकेत या प्रसंगाला ‘वारसा-जतनातील निर्णायक क्षण’ असे म्हटले आहे.

संघ म्हणजे ‘जुन्या कॅम्पर गाड्यांच्या प्रदीर्घ मालकांचा संघ, पूर्व फ्रिसलंड विभाग’. सभासद दोनशे बारा. गाड्या दोनशे नऊ. (तिघांनी विकल्या, पण त्यांचे दुःख मोठे असल्याने सभासदत्व काढून घेतलेले नाही.) गेल्या वर्षी यांपैकी अकरा गाड्या रस्त्यावर आल्या. नऊ मूल्यमापकाकडे जाऊन परत आल्या, एक चुकून आली, आणि अकरावी यानसेनांची. वार्षिक सभेला सगळे सभासद छोट्या, नव्या, बिनआवाजाच्या गाड्यांतून येतात आणि जुन्या गाड्यांच्या आवाजाबद्दल गहिवरून बोलतात.

अकरावी गाडी बिनधास्त फिरते आहे हे कळताच संघाने मूल्यमापक श्री. विटकोप यांना यानसेनांकडे पाठवले. विटकोप हे अत्यंत सज्जन गृहस्थ. हातात पांढरे मोजे घालून त्यांनी चार तास गाडी तपासली. यानसेन कुटुंबात गाडीला ‘मावशी’ म्हणतात, तेव्हा विटकोपही दुसऱ्या तासापासून अदबीने ‘मावशीबाई’ म्हणू लागले. गाडीला येणारा हेरिंग माशांचा वास त्यांनी तीनदा हुंगला आणि ‘मूळ, अस्सल’ अशी नोंद केली. गादीचा उंदराने कुरतडलेला कोपरा त्यांना इतका आवडला, की तो शिवू नये अशी लेखी सूचनाच दिली.

अहवाल चौतीस पानी आला. मावशीची किंमत चौऱ्याहत्तर हजार युरो. सातव्या कलमात असे होते की पहिला मालक अद्याप हयात असून गाडीसोबत उपलब्ध आहे, ही अत्यंत दुर्मीळ बाब असून तिच्यामुळे किंमत अठरा टक्क्यांनी वाढते. मालकाची स्थिती : श्रेणी तीन, ‘वापरलेला, पण पूर्ण’. डाव्या खुब्याचा सांधा बदललेला असल्याने दोन गुण वजा.

यानसेनांना हे वाचून भरून आले. त्र्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात ते पूर्ण असल्याचे त्यांना कोणी लेखी दिले नव्हते.

अहवालासोबत जतनाचे नियमही होते. मावशीला अठरा अंश तापमानात, कोरड्या हवेत ठेवावे. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात नेल्यास दर किलोमीटरमागे किंमत घटते, त्याचे कोष्टक शेवटच्या पानावर. यानसेनांनी गराज कोरडे करणारे यंत्र आणले. घराच्या झोपण्याच्या खोलीत ओल होती, तिथे यंत्र नव्हते, कारण तिथे काही मौल्यवान नव्हते. ते रोज गराजमध्ये वीस मिनिटे मावशीजवळ बसत. जास्त नाही, कारण माणसाच्या श्वासाने दमटपणा वाढतो. दाढीचा आणि टोपीचा आकार त्यांनी १९७४ सालच्या फोटोप्रमाणे करून घेतला.

मग हाम्बुर्गहून एका दंतवैद्याचे पत्र आले. त्यांना साध्या राहणीची ओढ होती आणि त्यासाठी ते एक्याऐंशी हजार मोजायला तयार होते. अट एकच : मूळ मालकाने दर जुलैत पंधरा दिवस गाडीपुढे घडीच्या खुर्चीत बसावे आणि विचारल्यास आठवणी सांगाव्यात. जेवणखाण मिळेल.

यानसेनांनी पत्र आणि अहवाल दोन्ही चहाच्या टेबलावर ठेवले. त्यांच्या पत्नी गेशेबाईंनी चष्मा लावला. खडीसाखर कपात टाकली, वर चहा ओतला, कडेने साय सोडली, आणि न ढवळता वाचायला घेतले. आमच्या पूर्व फ्रिसलंडमध्ये तीन कप झाल्याशिवाय पाहुणा उठत नाही आणि भांडण सुरू होत नाही. यानसेन कप मोजत बसले.

तिसरा कप रिकामा झाला.

“एकोणिसावं पान वाचलंस का तू?” गेशेबाईंनी विचारले.

“चाळलं.”

“मग ऐक. ‘मालकाची पत्नी : मूळ संचात नाही. १९७५ मध्ये, म्हणजे खरेदीनंतर एका वर्षाने, जोडलेली. तिने शिवलेले चौकड्यांचे पडदेही नंतरचे. दोन्ही काढून टाकल्यास किंमत सुधारेल.’”

“पडद्यांबद्दल म्हणतायत ते मुख्यतः,” यानसेन म्हणाले.

“दोन्ही असं लिहिलंय, फोल्कर्ट. दोन्ही!”

“अगं, ही तांत्रिक भाषा असते.”

“एकोणपन्नास उन्हाळे मी त्या गाडीत बटाटे सोलले. ब्याऐंशी साली भर पावसात हिला ढकलत नॉर्डनपर्यंत नेली, तेव्हा तू आत बसून स्टिअरिंग धरलं होतंस. तेव्हा मी संचात होते ना?” त्यांनी चष्मा काढला. मग हळूच म्हणाल्या, “यंदा पन्नासावा आहे. तुला आठवतंय तरी का?”

यानसेनांना आठवत होते. त्यांना इतके वाईट वाटले, की एक्याऐंशी हजारांचा आकडा डोळ्यांपुढून पूर्ण सहा सेकंद नाहीसा झाला. (संघाच्या इतिहासात याहून जास्त वेळ तो कोणाच्याच डोळ्यांपुढून हललेला नाही.)

“आपण लहान तंबू घेऊन जाऊ की,” ते म्हणाले. “बसने.”

गेशेबाई उठल्या, खुंटीवरची किल्ली घेतली आणि गराजचे दार उघडले. कोरडे करणारे यंत्र त्यांनी पायाने बंद केले. बटाट्यांची पिशवी, चहाचा डबा, दोन उशा. यानसेन अहवाल छातीशी धरून मागोमाग धावत आले आणि कसेबसे शेजारच्या सीटवर चढले, कारण अठरा टक्के त्यांच्यातच होते. मावशी खोकली, धूर सोडला आणि निघाली.

ग्योर्गसहाइल गावापर्यंत यानसेन अहवाल सांभाळत बसले. मग त्यांनी शेवटचे पान उघडले.

“सत्तर हजार,” ते म्हणाले.

“खिडकी उघड, गरम होतंय.”

“मारिएनहाफं आलं. पासष्ट. गेशे, खरंच सांगतो, वारा पश्चिमेचा आहे!”

“मग छान. मासे ताजे मिळतील.”

नॉर्डनला त्यांनी आकडा मोठ्याने वाचलाच नाही. समुद्राचा बांध दिसू लागला तेव्हा कोष्टक संपले होते. त्यापुढे इतकेच लिहिले होते, ‘सामान्य वापरातील वाहन’. वाऱ्याने पान उडून बांधापलीकडे गेले. चौकड्यांचे पडदे फडफडत होते. गेशेबाईंनी नेहमीच्या जागी मावशी उभी केली, गादीच्या कुरतडलेल्या कोपऱ्याला चार टाके घातले आणि शेगडी पेटवली. यानसेनांनी दोन खुर्च्या उघडल्या, बसले, आणि कोणी न विचारताच गेशेबाईंना ब्याऐंशी सालची आठवण सांगू लागले. त्यात या वेळी ढकलणाऱ्या गेशेबाईच होत्या. “इतक्या वर्षांत पहिल्यांदा खरी सांगितलीस,” असे म्हणून गेशेबाईंनी त्यांना पहिला मासा दिला.

ही हकीकत संघाच्या वार्षिक सभेत ‘सावधगिरीचा इशारा’ म्हणून वाचून दाखवण्यात आली. वाचन संपताच दोनशेहून अधिक हात वर झाले आणि सर्वांचा प्रश्न एकच होता : शेवटी गाडीची किंमत किती उरली? गेशेबाई मजेत आहेत का, असे एकानेही विचारले नाही. सभासदांना हसण्याचे वाचकांना कारण नाही. वाचकही मारिएनहाफंपासून मनातल्या मनात वजाबाकी करत आले आहेत.

(मजेत आहेत.)