सुपडूनानांचा ग्रुप फोटो

धुळ्यात फोटोग्राफर पुष्कळ आहेत. ‘स्माइल प्लीज’ न म्हणणारा एकच. आमचे सुपडूनाना म्हणतात, “दात मिटा!”

नवरदेव असो, सरपंच असो, बारशाची आत्या असो. “दात मिटा. दात डॉक्टरले दखाडा.” माणसं घाबरून तोंड मिटतात आणि तेवढ्यात नाना बटण दाबतात. त्यामुळे देवपुरातल्या कितीतरी घरांच्या भिंतींवर नुकताच काढा प्यायल्यासारखी जोडपी लटकलेली आहेत. नाना याला अदब म्हणतात. मी काहीच म्हणत नाही, कारण मी त्यांच्याकडे कामाला आहे.

मी अल्बम जुळवतो. मूळचा कुडाळकडचा. नववीत शाळा सुटली. फ्लेक्स छापणाऱ्या एकाबरोबर इथे आलो. तो दुकान गुंडाळून निघून गेला आणि मी राहिलो. नानांनी कॉम्प्युटरसमोरची खुर्ची दिली, स्टुडिओवरची खोली दिली. उपकार आहेतच, ते मी विसरत नाही. पण उपकार करणारा माणूस शहाणा असावा अशी काही अट नसते. मी प्रत्येक फाइल तीनदा सेव्ह करतो. इथून काढलं तर नववी नापासाला कोण उभं करणार, ही धास्ती माझ्या उशाखालीच असते. नाना मला ‘कोकण’ म्हणतात. सात वर्षं झाली, नाव विचारायचं त्यांच्याकडून राहून गेलंय.

प्री-वेडिंग शूटला नाना ‘तालीम’ म्हणतात. परवा जळगावचं एक जोडपं आलं. त्यांना असोद्याच्या केळीच्या बागेत, लांब शेपटाचा गाऊन आणि लाल धूर असं हवं होतं. गाऊनचं शेपूट ठिबकच्या नळीत अडकलं. धूर उलटा फिरून नवरदेवाच्या नाकात गेला आणि बागेचा मालक आग लागली म्हणून बादली घेऊन धावत आला. नाना केळीला टेकून निवांत उभे.

“काका, कॅन्डिड येतील ना?” नवरदेवाने खोकत विचारलं.

“चोरून फोटो काढाले मी काय पोलिसना माणूस शे? सरळ उभा ऱ्हाय. दात मीट.”

ड्रोनला ते गिधाड म्हणतात. नुसतं म्हणत नाहीत. मागच्या एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी आपल्या मुठीतल्या सगळ्या अक्षता ड्रोनवर मारल्या. ड्रोनवाला वरपक्षाचा होता. नंतर जे काही ऐकून घ्यावं लागलं ते मी ऐकून घेतलं. नाना तोवर पंगतीत बसून वरणबट्टी खात होते.

स्वतः मात्र बिनलग्नाचे. स्टुडिओच्या मागच्या खोलीत एक खाट, एक शेगडी आणि नाना. कुणी विचारलंच तर म्हणतात, “रोज लगन देखस. पोट भरी गे.” हा विनोद त्यांनी इतक्यांदा केलाय की आता हसायला फक्त मीच उरलोय, तेही पगारी.

तर अशा माणसाकडे मी गेल्या हंगामात हट्टाने नवं सॉफ्टवेअर आणवलं. एक बटण दाबलं की फोटोतली जास्तीची माणसं गायब! मागून डोकावणारा वाढपी, जांभई देणारा मामा, सगळे साफ. त्यांच्या जागी आपोआप पडदा, फुलं, काय हवं ते. नाना माझ्या मागे उभे राहून बघत होते.

“फोटोमा उना तो माणूस जास्तीना कसा?” फोटोत आला तो जास्तीचा कसा?

मी मनात हसलो. म्हटलं, म्हाताऱ्याचा रोल संपला, तरी रीळ फिरतंय.

त्याच आठवड्यात जळगावच्या एका हॉलमधल्या लग्नाचा अल्बम माझ्याकडे होता. मोठा ग्रुप फोटो, दोन पानांवर पसरणारा. डाव्या कडेला, नवरीच्या मागे खांबाला लागून, फिक्या लुगड्यातली एक बाई अर्धी दिसत होती. फोटोची चौकट बिघडत होती. मला वाटलं, स्वयंपाकातली असेल. बटण दाबलं. तिच्या जागी झेंडूच्या माळा आल्या, फारच सुरेख. मी तीनदा सेव्ह केलं.

अल्बम गेला आणि चार दिवसांनी नवरीचा, वैष्णवीचा, फोन आला. ती रडत होती.

ती बाई तिची काकू होती. आई गेल्यावर हिला वाढवलं ते काकूने. काकू विधवा, म्हणून लग्नभर आपणहून लांब लांब राहिली. त्या एका फोटोसाठी वैष्णवीने तिला हाताला धरून स्टेजवर ओढत आणलं होतं. आणि अल्बम सगळ्या सासरने बघितल्यावर माहेरी काकूसमोर उघडला, तर काकू नाही.

“तिला वाटतंय सासरच्यांनी काढायला लावलं,” वैष्णवी म्हणाली. “म्हणते, बरं केलं, माझं तिथं काय काम होतं. आता ती माझ्याकडे यायलाच तयार नाही.”

मी नानांना सगळं सांगितलं. मनातल्या मनात मी खोली आवरायलाही घेतली होती. कुडाळला जाऊन आईला काय सांगायचं, तेही जुळवत होतो. नाना ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, “मूळ फोटो शे का?”

होता. पान नवं छापून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही स्कूटरवर पारोळ्याकडे निघालो. काकूचं गाव त्या रस्त्याला. मी चालवत होतो, मागे नाना, मांडीवर ते पान प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. हा माणूस जन्मात कुणाची माफी मागणार नाही, सगळं माझ्यावर टाकणार, आणि ते बरोबरच असणार, हे मला दिसत होतं.

काकू ओट्यावर तूर निवडत होत्या. नानांनी पान त्यांच्यापुढे उलगडलं.

“माय, मनी चूक व्हयनी. सासरना लोकसनी नही काढं तुले. मी काढं. नवं मशीन शे, मनाकडथीन बटन दाबाई गे.”

बटण म्हणे त्यांच्याकडून दाबलं गेलं! नानांना कॉम्प्युटर चालू कुठून होतो तेही माहीत नाही. मी तोंड उघडलं. त्यांनी चपलेने माझा पाय दाबून धरला, चांगला करकचून.

काकूंनी हात पदराला पुसले. स्वतःच्या चेहऱ्यावर बोट न टेकवता, नुसतं वरून फिरवलं. मग ते बोट वैष्णवीच्या हातावर गेलं. तो हात काकूंच्या मनगटावर होता; बटण दाबताना मला तो दिसलाच नव्हता.

“मी तं कडलेच व्हतू, नाना,” त्या म्हणाल्या. कडेलाच तर होते.

“कडले व्हती, पण व्हती ना माय? पोरनी बलायं तुले. जाय तिनाकडे.” पोरीने बोलावलंय, जा.

काकूंनी पान पुन्हा प्लास्टिकमध्ये गुंडाळलं. मग म्हणाल्या, “आयतवारले जास.” रविवारी जाते. आणि चहा टाकायला आत गेल्या.

नानांनी माझ्या पायावरचा पाय काढला. मी त्यांच्याकडे बघितलं. ते तुरीकडे बघत होते.

चहा आला. काकूंनी नानांना विचारलं, “तुमना घर कोन कोन शेतस?”

मला वाटलं, आता तो लग्नाचा विनोद येणार. मी हसायची तयारी केली.

“दोन जन,” नाना म्हणाले.

मी मोजून पाहिलं. मागच्या खोलीत नाना. वरच्या खोलीत मी.

काकूंनी माझ्याकडे नीट बघितलं. “हाऊ आंडोर का?” मुलगा का हा?

नानांनी बशीवर फुंकर मारली. एकदा, दोनदा.

“अल्बम करस,” ते म्हणाले.

काकूंनी मान हलवली आणि माझ्या बशीत आणखी चहा ओतला.