टेलिफोन शोधणारी चौथी प्रणाली

कार्यालयातले दोनशे चौदा टेलिफोन कुठेकुठे आहेत हे सांगणारं सॉफ्टवेअर म्हणून अखेर ऑपरेटर मावशींची निवड झाली. म्हणजे, झाली नाही! असं काही घडलंच नाही. आम्ही सांगितलं नाही, तुम्ही वाचलं नाहीत.

तर टेलिफोन विभागात एक तरुण कारकून होता. दिसेल त्या कागदाला पिन मारायचा, म्हणून सगळे त्याला पिन्या म्हणत. कुठला फोन कुठल्या टेबलावर, हे बत्तीस वर्षं फक्त मावशींच्या डोक्यात होतं, आणि मावशी येत्या एकतीस तारखेला निवृत्त होणार होत्या. साहेबांनी फर्मान काढलं, "तीन सॉफ्टवेअर तपास, एक निवड!"

"चार दिवसांत उडवतो, साहेब!" पिन्या छाती फुगवून म्हणाला. बाहेर आल्यावर मात्र त्याने हळूच आपल्या फोनकडे पाहिलं. रोज एक वाजता त्याच्या टेबलावरचा फोन वाजायचा आणि पलीकडून मावशी विचारायच्या, "जेवलास का रे?" हे कुठलं सॉफ्टवेअर विचारणार?

परीक्षा साधी होती. फोनचा नंबर सांगायचा आणि तो कुठे आहे ते विचारायचं. पहिल्या सॉफ्टवेअरने अकरा मिनिटं विचार करून कळवलं की ऐंशी नंबरचा फोन तळमजल्याच्या वर आणि पहिल्या मजल्याच्या खाली आहे. म्हणजे बिचारा जिन्यात लोंबकळत होता! दुसऱ्याने आधी पासवर्ड मागितला, मग नवा पासवर्ड, मग नवा जुन्यासारखा का दिसतो याचा खुलासा. तिसरं किल्ली हरवलेल्या माणसासारखं नुसतंच गोलगोल फिरत राहिलं.

उत्तरं ताडून बघायला पिन्या दर वेळी मावशींकडे धावायचा.

"मावशी, ऐंशी?"

"लेखा विभाग, खिडकीपाशी. खाली कागदाची घडी सरकवलीय, नाहीतर डुगडुगतो."

"एकशे बारा?"

"माझ्या कपाटात. त्याच्यावर साहेबांना त्यांची आई गेल्याची बातमी कळली होती. तेव्हापासून मीच नजरेआड ठेवलाय. बोलू नकोस कुणाला."

पिन्याने प्रामाणिकपणे तक्त्यात शेवटी चौथी ओळ जोडली. नाव: मावशी. वेळ: दोन सेकंद. चुका: शून्य. पासवर्ड: नाही, नीट विचारावं लागतं. देखभाल: दोन कप चहा. पिन मारली आणि तक्ता साहेबांकडे धाडला.

साहेब कुठल्याही कागदाची फक्त शेवटची ओळ वाचत. संध्याकाळी शेरा आला: 'चौथे उत्तम. मंजूर. सर्व शाखांसाठी बारा नग घ्यावेत.'

"बारा?" मावशींना हसता हसता ठसका लागला. "अरे, माझ्या सासूबाईंना एक झेपत नव्हती!"

दुसऱ्या दिवशी खरेदी विभागाचा फॉर्म आला. खोक्यातून येते की डाउनलोड करायची? गरम होते का? पिन्याने इमानदारीत लिहिलं, 'क्वचित.' शेवटचा प्रश्न होता, मुदत कधीपर्यंत? तिथे त्याचा हात थांबला.

एक वाजला. फोन वाजला.

"जेवलास का रे?"

"नाही मावशी, अर्ज लिहितोय."

"आधी जेव. अर्ज काय पळून जातोय?"

अर्ज पळत नव्हता, तारीख पळत होती. पिन्या जेवून आला आणि त्याने फॉर्मला आपला कागद जोडला, चार पिना मारून:

'महोदय, सदर प्रणालीची मुदत एकतीस तारखेस संपत आहे. तिला किमान बत्तीस वर्षे मुदतवाढ मिळावी. ते नियमात बसत नसल्यास, या महिन्यातून एकतीस तारीख वगळण्यात यावी, ही नम्र विनंती.'