दाजी व्हिडिओत जान टाकतात

टेंभुर्णीच्या आमच्या दाजींनी जोडलेल्या व्हिडिओत श्राद्धाच्या पंगतीवरसुद्धा गुलाबाच्या पाकळ्या पडतात.

"दाजी, हे काय?"

"लई मोकळं दिसत व्हतं. जरा जान टाकली."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या अक्काचे यजमान. खताचं दुकान भाड्यानं दिलं आणि मोबाइलवर व्हिडिओचे इफेक्ट शिकायला बसले. पहिला धडा मीच दिला, हे मी नातेवाइकांत फारसं सांगत नाही. मला स्वतःला व्हिडिओ मागून-पुढून कापण्यापलीकडं काही येत नाही. दाजी मात्र सुसाट सुटले. कपाशीवरच्या बोंडअळीमागं वीज कडाडली. सत्यनारायणाला भटजींच्या डोक्याभोवती चांदण्या फिरल्या. भटजींनी तो व्हिडिओ घरोघर दाखवला. माझ्या पन्नाशीचा नाच त्यांनी स्लो मोशनमध्ये टाकला. त्यात मी थांबतो, पोट थांबत नाही.

पंचाईत झाली ती शीतलच्या लग्नाची. दाजींची एकुलती लेक, उन्हाळ्यात घनसावंगीला दिली. शूटिंगवाल्याचं काम बघून दाजी म्हणाले, "याच्यात बिलकुल जान न्हाई," आणि स्वतः करायला घेतलं. पोळा झाला तरी व्हिडिओ तयार नाही. शेवटी शीतलचा मला फोन.

"मामा, रविवारी सासरचे समदे पाव्हणे जमून राह्यलेत. सासूबाई मलाच टोमणे मारतात. पप्पांकडून हिसकून आणा, पण आणा!"

मी गेलो. अक्का दारातच. "या गुरुजी! तुमचा चेला जेवायलाबी उठत न्हाई."

हळद, अक्षता, पंगत, सगळं झालं होतं. व्याह्यांच्या फेट्यातून ठिणग्यासुद्धा उडत होत्या. अडलं होतं पाठवणीवर.

"पाऊस टाकून बघितला, जमंना. चांदण्या टाकल्या, जमंना."

"मंग साधीच राहू द्या, दाजी."

"साधी बघवत न्हाई, पाव्हणं."

आता मी गप्प बसायला हवं होतं. पण गुरू ना मी! मोबाइल घेतला आणि अंगठा भलत्याच बटणावर पडला. निघालेली जीप मागं-मागं येऊ लागली. चाकाखाली चिरडलेलं लिंबू पुन्हा गोल झालं. शीतल जीपमधून उतरली, उलट्या पावलांनी अंगणात आली, अक्काच्या गळ्यात पडली आणि घरात गेली.

"चुकलं, दाजी! थांबा, सरळ करून देतो."

दाजींनी माझा हात धरला. "हात नका लावू."

अक्का पिठाच्या हातानं मागं येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "परत लावा बरं."

संध्याकाळी शीतलला व्हिडिओ गेला. त्यात पाठवणी सरळ आहे. एक पाकळी नाही. उलटी तेवढी दाजींनी स्वतःच्या मोबाइलात ठेवली.

परवा चहाच्या वेळेला गेल्तो. दाजी ओट्यावर मोबाइल धरून बसलेले. आतून अक्कानं विचारलं, "आली का हो?"

"जीप आली," दाजी म्हणाले. "उतरून राह्यली."