सत्तावीस नंबरचा शर्ट

एका जंगलात, म्हणजे फार आत नाही, डांबरी रस्ता संपतो तिथून दोन हाकांवर, एक पाणवठा होता. पावसाळ्यात तो तळ्यासारखा दिसायचा. हिवाळ्यात डबक्यासारखा. आणि चैत्र लागला की परातीएवढा उरायचा. परात कशी असते ते आईला विचारा, मुलांनो. गोष्ट तोवर थांबणार नाही.

परातीएवढं पाणी आणि अख्खं जंगल तहानलेलं. म्हणून तिथे दर चैत्रात शर्यत व्हायची. मोहाच्या झाडापासून निघायचं, माळ ओलांडायचा, बोरीच्या रानातून पार व्हायचं आणि पाणवठ्याशी यायचं. जो ज्या नंबराने येईल त्याच नंबराने त्याची पाळी. पाळी उन्हाळाभर बदलायची नाही. वाघ या शर्यतीत भाग घेत नसे. तो धावू लागला की तिला शर्यत म्हणत नाहीत.

गेल्या वर्षी बाजीबा रानडुक्कर पहिला आला होता. बाजीबा पाणी पीत नसे असं नाही. पण आधी तो त्यात लोळायचा. त्याचं लोळून झालं की दुसऱ्या नंबरापासून सगळ्यांना चिखल मिळायचा.

त्याच चिखलात भामा हरणीची सासू फसली होती. पोटापर्यंत. दोन दिवस. शेवटी म्हशींनी तिला ओढून काढलं, तेव्हापासून ती मागच्या एका पायाने लंगडायची. यंदा पुन्हा चिखलात उतरली तर बाहेर येणार नाही, हे तिला ठाऊक होतं. भामालाही ठाऊक होतं. दोघी त्यावर कधी बोलत नसत. म्हातारी फक्त म्हणायची,

"माझ्या माहेरी झरा होता."

ती हे अशा सुरात म्हणायची, की तो झरा भामानेच बुजवला असावा.

"आत्याबाई, यंदा पहिली पाळी आपली," भामा म्हणायची.

"बोलून कुणी पहिलं येत नाही. चारी पाय जागेवर आहेत का बघ आधी."

भामाने माघातच सराव सुरू केला. रोज उजाडताना ती माळावर धावायची. फाल्गुन संपेपर्यंत ती इतकी चपळ झाली, की तिची सावली घरी उशिरा यायची. हे मी स्वतः पाहिलेलं नाही, पण मला सांगणारा बहुतेक खोटं बोलत नाही.

आता यात कपडे कुठून आले, ते ऐका.

शर्यतीचा निकाल बगळेसाहेब द्यायचे. ते दिवसभर एका पायावर उभे असत, म्हणून ते कोणत्याच बाजूचे नाहीत असं सगळ्यांना वाटे. पण त्यांची एक अडचण होती. त्यांना सगळी हरणं सारखीच दिसत. ससेही सारखेच दिसत. दरवर्षी भांडणं होत. म्हणून यंदा त्यांनी फर्मान काढलं : प्रत्येकाने अंगावर नंबर लावायचा. नंबर दिसला तर प्राणी आला. नंबर दिसला नाही तर प्राणी आला नाही.

नंबर होते, टाचण्या होत्या. पण टाचणी टोचायची कशात? बाजीबाने आपला चौदा नंबर सरळ कातडीला टोचून घेतला. त्याला दुखलं, पण दोन दिवसांनी. बाकीच्यांच्या कातड्या इतक्या अनुभवी नव्हत्या.

इथे बापूशेठ माकड पुढे आलं. डांबरी रस्त्यावर हिवाळ्यात एकदा शहरातली माणसं शर्यत पळून गेली होती. आली तशी पळत गेली आणि वाटेत निम्मे कपडे टाकून गेली. बापूशेठने ते सगळे गोळा करून वडाच्या ढोलीत ठेवले होते. शर्ट, बूट, टोप्या, काळे चष्मे, मनगटावर बांधायच्या पट्ट्या. आता त्याने वडाखाली दुकान मांडलं. मोबदला म्हणून तो गिऱ्हाइकाच्या अंगावरच्या गोचिडी खायचा. कपडे चढायच्या आधी, अर्थात.

आठवड्याभरात जंगलाची भाषाच बदलली. कुणी कुणाला विचारेना, की दम टिकतो का. पायात काटा तर नाही ना, हेही नाही. पाणवठ्यावर, मोहाखाली, बिळाच्या तोंडाशी एकच प्रश्न.

"काय घालताय?"

बापूशेठ भामाकडेही आलं.

"वहिनी, शर्यत परवावर आली. काय घालताय?"

"मी धावणार आहे, भाऊजी."

"ते झालंच हो. पण घालताय काय?"

"मी आजवर कधी काही घातलं नाही."

"म्हणूनच आजवर कधी पहिल्या आला नाहीत."

यावर तुम्हाला उत्तर सुचलं असेल, तर मनात ठेवा. शर्यतीच्या आधी असल्या उत्तरांना कुणी विचारत नाही.

बापूशेठ जवळ सरकलं. आवाज खाली घेतला.

"मी माणसं पाहिलीत, वहिनी. मागे वाघ नाही. पुढे चारा नाही. तरी पहाटे उठून दहा-दहा कोस पळतात. आणि पळून येतात कुठे? निघाली तिथेच! आता माणसाचे पाय पाहिलेत ना? काटक्या. त्या काटक्यांचं हे काम आहे का? अहो, कपडे पळतात. माणूस नुसता आत असतो."

"खरंच?"

"बिनकपड्याचं माणूस पळताना पाहिलंय कधी?"

भामाने खूप आठवून पाहिलं. तिने पाहिलं नव्हतं.

मग काय, गोचिडी गेल्या आणि शर्ट आला. झेंडूच्या रंगाचा, चकचकीत. पुढे माणसांच्या अक्षरात काहीबाही लिहिलेलं. त्याखाली बापूशेठने चार कोपऱ्यांना चार टाचण्या मारून नंबर लावला : सत्तावीस. पायांसाठी चार बूट. पुढचे दोन एका माणसाचे, मागचे दोन दुसऱ्या, जरा थोराड माणसाचे. सैल होते म्हणून त्यांत पाला कोंबला. वर एक काळा चष्मा.

"घालून एकदा धावून बघते," भामा म्हणाली.

"छे! आत्ताच धावलात तर त्यातला वेग संपेल. शर्यतीच्या दिवशी करकरीत लागतो."

शर्यतीच्या सकाळी ती नटून म्हातारीच्या पाया पडायला गेली. म्हातारीने तिला खुरापासून शिंगांच्या जागेपर्यंत न्याहाळलं.

"कुणाचं लग्न आहे?"

"शर्यत आहे, आत्याबाई."

"असं होय. आमच्या मागे वाघ लागायचा, तेव्हा तोही कधी थांबून विचारायचा नाही, बाई, आज काय घातलंयस."

"आता जमाना बदललाय, आत्याबाई."

"वाघ बदललाय का?" म्हातारी म्हणाली. मग मान वळवून, जणू झाडाशी बोलावं तसं, "पडू नकोस म्हणजे झालं. पाण्याचं राहू दे."

म्हातारीने आयुष्यात पहिल्यांदाच पाण्याचं राहू दे म्हटलं होतं. भामा तशीच मोहाखाली गेली.

तिथे जंगल ओळखू येत नव्हतं. एक निळा शर्ट जमिनीवरून चालला होता. त्याच्या आत कुठेतरी ससा होता. साळिंदराने शर्ट घातल्या घातल्या त्याची मच्छरदाणी झाली होती, पण ते म्हणत होतं, हवा छान खेळते. सगळे एकमेकांचे कपडे बघत होते आणि "वा, वा" म्हणत होते. फक्त बाजीबा एका बाजूला कातडीवरचा चौदा नंबर खाजवत उभा होता.

"काय भामाबाई," तो म्हणाला, "पाण्याला निघालात की आहेराला?"

टिटवी ओरडली. शर्यत सुटली.

भामाने पहिली उडी घेतली आणि चष्मा डोळ्यांवर घसरला. त्याबरोबर सूर्य मावळला. हरणाची जात, मुलांनो, अंधार पडला की आधी थांबते, कान टवकारते आणि वाघाचा वास घेते. भामा भर माळावर थांबली, कान टवकारले, वास घेतला. तोवर सगळं जंगल तिच्या शेजारून निघून गेलं. तिने मान झटकली, चष्मा पडला आणि पुन्हा सकाळ झाली. तिच्या आयुष्यातली ती सर्वांत लहान रात्र.

ती पुन्हा सुटली. पण थोराड माणसाचे बूट मोठ्या ढांगा टाकू लागले आणि तिचे मागचे पाय पुढच्या पायांना गाठू लागले. एकदा तर ते पुढे निघूनही गेले. भामा कोलांटली. दोन बूट इकडे, दोन तिकडे, मध्ये पाला. उठली तेव्हा तिच्या पायांत पायच होते, आणि ते माघापासून धावत होते.

मग ती धावली. निळा शर्ट मागे पडला, मच्छरदाणी मागे पडली. बोरीच्या रानाच्या तोंडाशी तिने बाजीबालाही मागे टाकलं. बाजीबा भरधाव होता, पण त्याचा वेग जन्मभर एकच, आणि दिशाही एकच. डुक्कर वळसा घेत नाही. समोर झुडूप आलं तर झुडपानेच काय ते बघावं.

आणि तिथे, बोरीच्या पहिल्याच झुडपात, भामाचा शर्ट काट्यांत गुंतला.

तिने पुढे ओढलं. शर्ट ताणला. मागे ओढलं. शर्ट आणखी गुंतला. मागून बाजीबाचं धावणं जवळ येत होतं. धप, धप, धप. भामाला चिखल दिसला. चिखलात पोटापर्यंत रुतलेली म्हातारी दिसली. तिने पुढचे पाय आत घेतले, मान खाली घातली, आणि साप कात टाकतो तशी ती शर्टातून निसटली. शर्ट झुडपावर राहिला. नंबर शर्टावर राहिला. त्याचा विचार तिने केला नाही. जो आधी पोचतो तो पहिला, असा तिचा एक भाबडा समज होता.

ती पोचली. पाणवठा समोर होता, परातीएवढा, नितळ. तळातला खडा न् खडा दिसत होता. काठावर बगळेसाहेब एका पायावर उभे होते. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"आले, साहेब!" भामा धापा टाकत म्हणाली.

बगळेसाहेबांनी तिला वरून खाली पाहिलं.

"बघायला आलेल्यांनी रेषेबाहेर उभं राहावं."

"मी धावून आले! मी पहिली आले!"

"आपला नंबर?"

"सत्तावीस."

"दाखवा."

भामाने स्वतःकडे पाहिलं. अंगावर ठिपके होते. ते सत्तावीसपेक्षा जास्त होते.

"अहो, पण मी इथे उभी आहे ना तुमच्यासमोर!"

"हरणं पुष्कळ उभी असतात," बगळेसाहेब म्हणाले. "आपण जरा बाजूला व्हा. कुणीतरी येतंय."

येत होता बाजीबा. तो झुडपाला वळसा न घेता झुडपातून आला होता, आणि येताना भामाचा शर्ट त्याच्या सुळ्यांना अडकला होता. शर्टाची पाठ त्याच्या डोळ्यांवर होती. त्याला काही दिसत नव्हतं, त्यामुळे तो आणखीच सरळ धावत होता. शर्टाचं पोट त्याच्या थोबाडापुढे फडफडत होतं, आणि त्यावर चार टाचण्यांनी टोचलेला सत्तावीस.

रेष ओलांडून तो पाण्याच्या काठाशी थडकून थांबला.

"सत्तावीस पहिला," बगळेसाहेब म्हणाले. "चौदा दुसरा. एका वितीने."

बाजीबाने थोबाड झटकून शर्ट खाली पाडला. "कोण सत्तावीस?"

बगळेसाहेबांनी चोचीने शर्ट दाखवला.

"अहो, तो माझ्या दाताला होता!"

"म्हणजे तुम्ही त्याला चावलात. ती तक्रार वेगळी नोंदवली जाईल."

"त्याच्या आत कुणी नाही!"

"आत कोण आहे हे बघणं माझ्याकडे नाही. नंबर दिसला. शर्ट आला."

"शर्ट पाणी पिणार? शर्टाला तहान लागते?"

बगळेसाहेबांनी पाय बदलला. ते विचारात पडले की असं करत.

"शर्यत धावून आलाय," ते म्हणाले. "लागली असणारच."

भामा रेषेबाहेर उभी राहून हे सगळं ऐकत होती. आधी तिला रडू आलं. मग तिने पाण्याकडे पाहिलं. मग शर्टाकडे. मग ती मान खाली घालून, अगदी गरीब आवाजात म्हणाली,

"साहेब, विजेत्याला पाय नाहीत. पाण्यापर्यंत कुणीतरी न्यायला लागेल."

"आपण कोण त्यांच्या?"

"सकाळी मी त्यांच्यात होते."

"घरच्याच म्हणा की," बगळेसाहेब म्हणाले. "न्या. पण आपण स्वतः प्यायचं नाही. पाळी त्यांची आहे."

भामाने शर्ट कॉलरला दातांत धरला आणि अलगद पाण्यात सोडला. शर्टातून बुडबुडे आले. तो फुगला, जड झाला, आणि तिने तो उचलताच पाण्याची पातळी चांगली बोटभर खाली गेली. जमलेलं सगळं जंगल बघत होतं.

"फार तहानले होते," बगळेसाहेब म्हणाले.

बाजीबा काठावर पाय आपटत उभा होता. पण पहिल्याचं पिऊन झाल्याशिवाय दुसऱ्याने लोळायचं नाही, हा नियम त्यानेच गेल्या वर्षी घालून दिला होता.

भामा निथळता शर्ट घेऊन बोरीच्या आड गेली. तिथे सावलीत म्हातारी बसली होती. भामाने तिच्या तोंडापाशी शर्टाची बाही धरली. म्हातारीने आधी वास घेतला.

"शी! घामट वास येतोय. कुणाचं आहे हे?"

"माणसाचं असेल, आत्याबाई. चोखा."

म्हातारीने एक बाही चोखली. मग दुसरी. मग शर्टाचं पोट चोखलं, सत्तावीस नंबरासकट. मग तिने डोळे मिटले.

"झऱ्याचं नाही ते," ती म्हणाली. "पण चिखल नाही गं यात."

"उद्या पुन्हा आणते," भामा म्हणाली, आणि शर्टाच्या शिवणीत उरलेले चार थेंब तिने स्वतः चोखले. ती स्वतः पाणी प्यायली नाही, असं बगळेसाहेब उन्हाळाभर शपथेवर सांगत होते.

तात्पर्य : मुलांनो, धावायचं असेल तर अंगावर काही घालू नये. जिंकायचं असेल तर आपला शर्ट नंबरासकट वाटेत अशा जागी टाकावा, की मागून येणारा जाड कातडीचा तो उचलून आणेल. आणि आपण त्याच्या आधी पोचलो असलो, तर ते कुणाला सांगत बसू नये.