टेबल क्रमांक सातवरची सामूहिक कॉपी

महाविद्यालयातली मुलं बाहेर जेवायला जातात तेव्हा त्यांना खरोखर मजा येते की नाही, याची आजवर कुठेही अधिकृत नोंद होत नव्हती. ही गंभीर त्रुटी दूर करण्याचं काम गेल्या वर्षी आमच्या हॉटेलवर सोपवण्यात आलं, आणि हॉटेलचा कॅप्टन म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. बावीस वर्षं लोकांच्या ऑर्डरी घेतल्या, चमचा पडला तर न सांगता दुसरा आणून दिला; पण लोकांना मजा येते आहे का, हे विचारायची कधी गरज भासली नव्हती. चेहऱ्यावरून कळायचं. मात्र चेहरा हा पुरावा होत नाही, असं मला प्रशिक्षणात सांगण्यात आलं.

झालं असं, की समोरच्या महाविद्यालयात तपासणी-समिती आली आणि ग्रंथालयात दोनशे विद्यार्थी वाचताना सापडले. समितीने कपाळाला हात लावला. ‘शहरी जीवनाचा आस्वाद’ या रकान्यात महाविद्यालयाला शून्य गुण मिळाले. प्राचार्यांनी त्याच दुपारी परिपत्रक काढलं: यापुढे ‘मौज’ हा चार श्रेयांकांचा सक्तीचा विषय राहील, त्याची प्रात्यक्षिकं समोरच्या हॉटेलात होतील, आणि हॉटेलचे कॅप्टन हे अंतर्गत परीक्षक असतील. मला एक स्टॉपवॉच, एक शाईचं पॅड आणि ‘मौज केली’ असा गोल शिक्का मिळाला.

माझी भाची त्याच महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला होती आणि माझ्याकडेच राहायची. पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेने तिला नोकरीचं पत्र दिलं होतं. अट एकच: सगळे विषय सुटलेले हवेत आणि एक तारखेला हजर व्हायचं. आमच्या घराण्यात असं छापील पत्र आलेली ती पहिलीच. बहीण फोनवर म्हणाली, “दादा, बाकी विषयांची काळजी नाही. पण हे मौजेचं तेवढं तू बघ.”

“अगं, परीक्षक मीच आहे,” मी म्हणालो. त्या वेळी मला हे फार भूषणावह वाटत होतं.

सुरुवात झकास झाली. चार-चार जणांच्या बॅचेस पाडल्या. प्रत्येकाला जर्नल. प्रयोग क्रमांक एक: मित्रांसमवेत बाहेर जेवणे. उद्देश: मौज करणे. साहित्य: टेबल, खुर्च्या, खाद्यपदार्थ, मित्र (किमान तीन). निरीक्षण: मित्र हसले. अनुमान: मजा आली. एका प्रयोगाला तीन हास्यं सक्तीची. त्यांतलं तिसरं उत्स्फूर्त असलं पाहिजे, आणि उत्स्फूर्त हास्याची लेखी पूर्वसूचना आदल्या दिवशी दुपारी चारपर्यंत माझ्याकडे आली पाहिजे.

महिनाभरात बाजारात ‘मौज गाइड’ आलं. त्यात संभाव्य विनोद एकवीस, शेवटी सोडवलेले नमुने. सगळी मुलं अकरावा विनोद सांगायची, कारण तो पहिल्या चाचणीला आला होता. काही हुशार मुलं तर विनोद सुरू व्हायच्या आधीच हसून मोकळी व्हायची आणि उरलेल्या वेळात दुसऱ्या विषयाचा अभ्यास करायची.

अडथळा होता तो जेवणाचा. तोंडात घास असला की हसता येत नाही आणि हसताना घास घेतला की ठसका लागतो, असा अर्ज तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी केला. प्राचार्यांनी तो सहानुभूतीने वाचला आणि खाद्यपदार्थांचा समावेश उपकरणांत केला. उपकरण म्हटलं की ते वापरून झाल्यावर जागेवर ठेवायचं असतं. त्यामुळे भाजलेल्या बटाट्यांची एक प्लेट सोमवारी मांडली की शुक्रवारपर्यंत सगळ्या बॅचेसना पुरायला लागली. शनिवारी आम्ही तिच्यावरची धूळ झटकायचो. एका मुलाने त्यातला बटाटा खाल्ला, तेव्हा त्याला उपकरणाची मोडतोड केल्याबद्दल समज देण्यात आली.

किचन थंड पडलं. मालकांनी आचाऱ्याला माडीवर उत्स्फूर्त हास्याचे खास वर्ग घ्यायला बसवलं, कारण पगार चालूच होता. आचारी दुपारी खाली येऊन म्हणाला, “कॅप्टन, कांदा चिरताना रडायचो तेच बरं होतं हो. ह्या पोरांना पोट धरून हसायला शिकवतोय आणि पोट सगळ्यांचं रिकामं!”

“अभ्यासक्रमात पोट नाही,” मी म्हणालो.

भाची मात्र मागे पडत चालली होती. तिचं जर्नल कोरं होतं. ‘निरीक्षण’ या मथळ्याखाली तिने एकदा ‘बटाटा तोच आहे’ एवढंच लिहिलं, आणि ते मला खोडावं लागलं. एका दुपारी तिची बॅच सात नंबरवर बसली आणि ही कुठे दिसेना. शोधत मागच्या दाराशी गेलो, तर पायरीवर ही आणि भांडी घासणाऱ्या मावशी, मध्ये एकच वाडगा, दोघी सुपात पावाचे तुकडे बुडवून खाताहेत. मावशी प्राचार्यांची नक्कल करत होत्या. मौजेच्या प्रात्यक्षिकांच्या उद्घाटनाच्या दिवशी प्राचार्यांचा टाय सुपात बुडाला होता आणि भाषण न थांबवता त्यांनी तो पिळून कोटात खोचला होता. मावशींनी पदर पिळून खोचला आणि भाचीची हसून हसून मुरकुंडी वळली. डोळ्यांतून पाणी, हातातला पाव खाली.

“अगं, तुझी बॅच बसलीय!”

“त्यांचं दुसरं हास्य चाललंय, मामा. तिसऱ्याला येते. भूक लागली होती रे.”

माझा हात खिशातल्या शिक्क्याकडे गेला, खोटं कशाला सांगू. वर्षभरात एवढी मजा मी कुठल्या टेबलावर पाहिली नव्हती. पण पायरीला टेबल क्रमांक नाही, मावशींचं नाव कुठल्या बॅचमध्ये नाही, आणि पूर्वसूचना तर नव्हतीच. मी शिक्का खिशात ठेवला आणि तिला आत पिटाळलं.

अंतिम परीक्षेला बाह्य परीक्षक आले. बाहेरच्या जेवणावर त्यांचा जाडजूड प्रबंध होता आणि तो त्यांनी घरी बसून लिहिला होता. बाहेरचं त्यांना सोसत नसल्यामुळे त्यांनी स्वतःचा डबा आणला होता. सात नंबरवर भाची आणि तिघं जण बसले. पहिलं हास्य झालं, दुसरं झालं. मी घड्याळ बघून खूण केली. मग सरांनी भाचीकडे मोर्चा वळवला.

“आनंद कशात मोजतात?”

“माहीत नाही, सर.”

“बरं, आत्ता तुम्हाला किती झाला, तेवढं तरी सांगा.”

“कसं सांगू, सर?”

“अंदाजे सांगा,” सर तिला धीर देत म्हणाले. “दशांश चिन्हापुढे दोन अंकांपर्यंत.”

भाचीने ओठ आवळले. नजर बटाट्यांवर खिळवली, आणि तिथेच घात झाला. ती फुटली. तिला पाहून शेजारची फुटली, तिच्यामागून उरलेले दोघं. सर म्हणाले, “हे वेळापत्रकात नाही!” त्यावर हसणं दुप्पट झालं. जिन्यावरून आचारी डोकावला, त्यालाही लागण झाली. सरांनी स्टॉपवॉच मागितलं; मी ते काढायला गेलो तर खिशातून शिक्का पडला आणि घरंगळत टेबलाखाली गेला. सर तो शोधायला वाकले आणि त्यांचा टाय त्यांच्याच डब्यातल्या आमटीत बुडाला. पुढची सात मिनिटं हॉटेल डोक्यावर घेतलं होतं मुलांनी.

सर ताठ उभे राहिले. “पहिलं कोण हसलं?”

“मी,” भाची म्हणाली.

“हिचं पाहून ती हसली. तिचं पाहून हे दोघं. म्हणजे मूळ उत्तर हिचं आणि बाकीच्यांनी ते उतरवून घेतलं. ही सरळसरळ सामूहिक कॉपी आहे.” त्यांनी अहवाल लिहायला घेतला आणि मान वळवली. मी खांबाआड होतो, तोंडात नॅपकिनचा बोळा कोंबून.

“कॅप्टन, तुम्हीही?”

नोकरी, मालक, शिक्का, बावीस वर्षं, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. “नाही, सर,” मी म्हणालो. “ठसका लागला.” आणि अंतर्गत परीक्षक म्हणून मी अहवालावर सही केली.

उतरवून घेणाऱ्या तिघांना समज देऊन सोडलं. कॉपी पुरवल्याबद्दल भाचीला केटी लागली; विषय पुढच्या सत्रात पुन्हा द्यायचा. ती मला एवढंच म्हणाली, “मामा, तुझा ठसका बराच वेळ टिकला.” प्रयोगशाळेने एक तारखेला तिची जागा दुसऱ्याला दिली. बहिणीचा फोन आला. “सगळ्यात पास आणि मजेत नापास? दादा, तू तिथेच होतास ना?” होतो, म्हणालो. मला लाज वाटली. आजही वाटते.

पुढच्या सत्रात भाची पुन्हा बसली. वेळेवर आली, बटाट्यांना हात लावला नाही, अकरावा विनोद शब्दही न चुकवता सांगितला. तिसऱ्या हास्याची पूर्वसूचना तिने दोन दिवस आधीच दिली होती. मी शिक्का मारला. पहिली श्रेणी मिळाली. आता ती मागच्या दाराकडे फिरकत नाही. घरी टीव्हीवर काही गमतीचं लागलं तर आधी घड्याळाकडे बघते.

तुम्हाला हे सगळं अति वाटत असेल. तुम्ही शनिवारी दुपारी आमच्याकडे सहकुटुंब आला होतात, टेबल क्रमांक बारा, खिडकीजवळ. सूप आलं तेव्हा तुम्ही सगळ्यांना बजावलंत, फोटो होईपर्यंत कुणी चमचा लावायचा नाही. नऊ फोटो झाले; सूप निवलं. मध्येच तुमची धाकटी कशावरून तरी इतकी हसली, की सरबत तिच्या नाकातून बाहेर आलं. तुम्ही आधी शेजारच्या टेबलाकडे पाहिलंत, मग तिच्याकडे. “नीट बस. लोक बघताहेत,” म्हणालात. ती गप्प झाली. मग तुम्ही मोबाइल पुन्हा वर धरलात आणि म्हणालात, “हं, आता हसा सगळे.”

मी मागे उभा होतो. बाह्य परीक्षकांची जागा सध्या रिकामी आहे. मी तुमचं नाव सुचवलं आहे.