डोरीनबाईंच्या फ्लॉवरचा निकाल

“इंग्रजी जेवण हे जेवण नव्हे, जेवणाची पूर्वतयारी आहे! भाज्या उकडल्या की आपला स्वयंपाक सुरू होतो. त्यांचा तिथेच संपतो!”

गुरुदत्तचं हे मत त्याच्या नाकाइतकंच सरळ आणि ठाम होतं. त्या नाकाचा सिडनीच्या क्वेकर्स हिल या उपनगरात मोठा दबदबा. आमटीतला गोडा मसाला घरचा की पुड्यातला, हे तो यजमानांच्या दारात बूट काढता काढताच सांगत असे. लॉकडाउनमुळे नाकाला दुसऱ्यांची दारं बंद झाली, तेव्हा मित्रमंडळींनी शनिवारी झूमवर ‘देशोदेशीचे स्वाद’ हा कार्यक्रम ठेवला. इंग्लंडचा निकाल सर्वांसमक्ष चाखून गुरुदत्त लावणार होता.

नमुना शेजारच्या डोरीनबाईंकडून आला. तरुणपणी यॉर्कशरहून आलेल्या या एकट्या वृद्धेने कॉलिफ्लॉवर चीज, म्हणजे चीजच्या पांढऱ्या सॉसमध्ये भाजलेला फ्लॉवर, कुंपणावर आणून ठेवला.

“मी तिला लिंकपण दिलीय,” त्याची बायको नीरजा म्हणाली.

“कशाला?”

“तिनं केलंय, तिला बघू दे की! एवढ्या महिन्यांत माणसाचं तोंड दिसलं नाही तिला. जरा गोड बोल.”

“मी खरं बोलेन!”

पडद्यावर डोरीनबाई मोत्यांची माळ घालून बसल्या होत्या. गुरुदत्तने घास घेतला, डोळे मिटले. दुसरा घेतला. त्याच्या चेहऱ्यावर न्यायाधीशाचं गांभीर्य उतरलं.

“वेल, लव्ह?” बाईंनी यॉर्कशरच्या लाडिक ढंगात अधीरपणे विचारलं.

“सॉरी, डोरीन. नो टेस्ट. ॲट ऑल.”

बाईंचा हात माळेकडे गेला. मोहरीची पूड घातली होती, जायफळही किसलं होतं, असं त्या हळूच पुटपुटल्या. नीरजाने टेबलाखालून नवऱ्याचा पाय तुडवला. पण तत्त्वापुढे पायाची काय पर्वा!

“आता बघा, फोडणीने काय होतं ते!”

लॅपटॉप ओट्यावर गेला. तेल, मोहरी, हिंग, सुक्या मिरच्या. गुरुदत्त वास येण्याची वाट पाहत राहिला. वास येईना. त्याने आच वाढवली. पुन्हा हिंग. पुन्हा मिरच्या. कढईतून निळसर धूर उसळला.

“अरे, करपलं!” नीरजाला ठसका लागला.

“बाबा, स्टॉप! आय कान्ट ब्रीद!” तनय टीशर्टने नाक दाबत अंगणात पळाला.

छतावरचा स्मोक अलार्म बोंबलू लागला. त्या धुरात होमासमोरच्या ऋषीसारखा उभा राहून गुरुदत्त गरजला, “कसलं करपलंय? वास तरी येतोय का? या देशात हिंगसुद्धा इंग्रज झाला!”

 पडद्यावरून मित्रमंडळींतली डॉक्टर लीना बोलली, “गुरुदत्त, कॉफीचा डबा हुंग बरं.”

त्याने हुंगला. “जुनी आहे.”

“लसूण?”

“फ्रिजमधला आहे.”

“गुरुदत्त, चवीला काही झालेलं नाही. तुला झालंय. कोविडची तपासणी करून घे, आत्ताच्या आत्ता!” मग तिने तेच डोरीनबाईंना इंग्रजीतून सांगितलं.

“ओ, यू पुअर लव्ह!” बाईंचा चेहरा असा उजळला, की शेजाऱ्याला कोविड झाल्याचा इतका आनंद साऱ्या सिडनीत कुणाला झाला नसेल.

तपासणीत लीनाचा अंदाज खरा ठरला. गुरुदत्त मागच्या खोलीत बंदिस्त झाला आणि डोरीनबाईंचा फ्लॉवर रोज कुंपणावरून येऊ लागला. गुरुदत्त तो रोज निमूटपणे गिळायचा. निर्धार मात्र अढळ होता: जीभ जागी होईल त्या दिवशी पहिला निकाल याच फ्लॉवरचा!

आणि एका दुपारी खोलीतून आरोळी आली.

“नीरजा! चव आली! मीठ कमी आहे! सॉस पिठूळ आहे! जायफळाचा पत्ता नाही! म्हटलं नव्हतं? इंग्रजी जेवण ते इंग्रजी जेवण! डोरीनला फोन लाव!”



“बाबा,” दाराबाहेरून तनय म्हणाला, “आई मेड दॅट वन.”

“डोरीन आज लस घ्यायला गेलीय,” नीरजाचा आवाज अतिशय शांत होता. “तिला कृती विचारून मी केला. तिचा कालचा उरलाय, तो आम्ही दोघं खातोय. सुरेख आहे. काय म्हणत होतास?”

गुरुदत्तने ताटलीकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं. मग आवाजात जमेल तेवढा अशक्तपणा आणून तो म्हणाला,

“नीरजा… चव पुन्हा गेली गं!”